क्लॅमिडिया: नमुना, औषध, जोडीदार आणि फेरतपासणी यांचा नेमका क्रम

क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गावर औषध आहे, ते महाग नाही, आणि बहुतेकांना ते लागूही पडते. तरीही उपचार वारंवार फसतात, कारण क्रम चुकतो. लघवीला जळजळ झाली की फार्मसीतून एखादे प्रतिजैविक आणून त्याच्या दोन-तीन गोळ्या घेतल्या जातात आणि मग तपासणीचा विचार होतो. तपासणी झालीच तर ती भलत्याच नमुन्याची होते. अहवाल बरोबर आला तर औषध एकटाच घेतो. आणि महिन्याभराने तोच त्रास परतला की दोष गोळ्यांच्या माथी मारला जातो. पुढे दिलेले टप्पे त्याच क्रमाने पाळायचे आहेत. औषधांच्या मात्रा येथे दिल्या आहेत त्या हातातील चिठ्ठी समजावी म्हणून. त्या पाहून फार्मसीत परस्पर गोळ्या मागू नयेत.

टप्पा १: लक्षण नसणे हा पुरावा मानू नका

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू शरीराच्या पेशींच्या आत शिरून वाढतो. योनीमार्गे, गुदमार्गे किंवा मुखमार्गे आलेल्या लैंगिक संबंधांतून तो पसरतो; सार्वजनिक शौचालय, पोहण्याचा तलाव, एकाच ताटातले जेवण यांतून पसरत नाही. बहुसंख्य स्त्रियांत आणि बऱ्याच पुरुषांत त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. लक्षणे दिसलीच तर ती संबंधानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. पुरुषांत लघवीच्या वाटेने पातळ, पाणचट किंवा पांढुरका स्राव येतो, जळजळ होते, कधी वृषण दुखते. स्त्रियांत अंगावरून जाण्याचे प्रमाण किंवा स्वरूप बदलते, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसते, ओटीपोटात दुखते. गुदमार्गाच्या संसर्गात तेथे वेदना, चिकट स्राव किंवा रक्त येऊ शकते.

आपल्याकडे पहिली चूक येथेच होते. जळजळ झाली की «उन्हाळी लागली» असे ठरवून शहाळे, कोकम सरबत, धणे-जिऱ्याचे पाणी सुरू होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते निदान पटतेही, आणि भरपूर पाणी पोटात गेल्याने लघवी पातळ होऊन जळजळ खरोखर कमी होते. संसर्ग मात्र जागच्या जागी राहतो. नवा जोडीदार, निरोधाविना आलेला संबंध किंवा जोडीदाराला असलेला त्रास यांपैकी काहीही घडले असेल, तर ऋतू कोणताही असो, तपासणी करावी.

इशारा: पुढील परिस्थितीत हा लेख बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वृषणात अचानक तीव्र कळ येणे, कारण तेथे पीळ पडला असेल तर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. स्त्रीला ओटीपोटात तीव्र वेदनांसह ताप किंवा उलट्या होणे. पाळी चुकलेली असताना पोटात दुखणे किंवा चक्कर येणे, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिलेला असू शकतो, आणि जुन्या क्लॅमिडियाने नलिकांना इजा झालेली असल्यास हा धोका वाढतो.

टप्पा २: तपासणीपूर्वीची तयारी

गोळी घेण्याच्या आधी नमुना द्यावा, हा या टप्प्याचा मुख्य नियम. प्रतिजैविकाचे एक-दोन डोस पोटात गेले की अहवालाचा अर्थ लावणे कठीण होते: अर्धवट दबलेला संसर्ग निसटू शकतो, किंवा मेलेल्या जिवाणूंचे अंश सापडून संसर्ग अजून आहे असे वाटू शकते. गोळ्या आधीच घेतल्या असतील तर ते लपवू नये. गोळीचे नाव, मात्रा आणि तारीख डॉक्टरांना सांगावी. शक्य असेल तर रिकामे पाकीटच सोबत न्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी तपासणी केल्यास जिवाणू पकडला जाईलच असे नाही. लक्षणे असतील तर लगेच जावे. लक्षणे नसतील आणि केवळ शंका असेल तर साधारण दोन आठवडे थांबून नमुना द्यावा, आणि तोवर संबंध टाळावेत. जोडीदाराचा अहवाल बाधित आला असेल तर मात्र हे दोन आठवडे मोजत बसू नये. अशा वेळी डॉक्टर नमुना घेऊन त्याच दिवशी उपचार सुरू करू शकतात.

जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटचा संबंध केव्हा आला, कोणत्या मार्गाने आला, गेल्या दोन महिन्यांत किती जोडीदार होते, आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे. स्त्रियांनी शेवटच्या पाळीची तारीख आणि गर्भधारणेची शक्यताही लिहावी, कारण त्यावरून औषध बदलते. डॉक्टर कोणत्या मार्गाने संबंध आला असे विचारतात ते नमुना कुठून घ्यायचा हे ठरवण्यासाठी. लाजेखातर एक मार्ग गाळला तर तेथील संसर्ग तपासलाच जात नाही.

टप्पा ३: कुठे जायचे

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग व गुप्तरोग विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळांतही दाखवता येते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली लैंगिक संसर्गांसाठी चालणाऱ्या केंद्रांना ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. जवळचे केंद्र कोणते हे १०९७ या निःशुल्क मदतवाहिनीवर विचारता येते आणि त्यासाठी आपली ओळख द्यावी लागत नाही. स्त्रिया स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊ शकतात.

गोवा लहान आहे, आणि आरोग्य केंद्राच्या बाकावर शेजारच्या वाड्यावरचे कोणी भेटेल ही भीती खोटी नाही. पेडण्याच्या माणसाने म्हापशाऐवजी बांबोळीला जावे, काणकोणच्या माणसाने मडगावला जावे. त्यात वावगे काही नाही. ओळखीच्या फार्मासिस्टला बाजूला घेऊन हळूच गोळ्या मागणे हा मात्र गुप्ततेचा सर्वांत वाईट मार्ग ठरतो, कारण तेथे निदान होत नाही आणि बातमी फुटायची ती फुटतेच.

सरकारी केंद्रात तपासणीविना थेट औषधाचे रंगीत पाकीट हाती आले तर गोंधळून जाऊ नये. लक्षणांच्या गटावरून उपचार करण्याची ती राष्ट्रीय पद्धत आहे. लघवीच्या मार्गातून स्राव येत असल्यास त्यात करड्या रंगाचे पाकीट दिले जात आले आहे, ज्यात अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असते. म्हणजे क्लॅमिडिया आणि परमा (गोनोरिया) या दोहोंवर एकाच वेळी इलाज होतो, कारण दोन्ही संसर्ग अनेकदा जोडीने असतात आणि रुग्ण अहवालासाठी परत येईलच याची खात्री नसते. लक्षणे असलेल्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. ज्याला लक्षणेच नाहीत त्याच्यासाठी ती अपुरी पडते, म्हणून त्याने प्रयोगशाळेतील तपासणीचा आग्रह धरावा.

टप्पा ४: योग्य तपासणी, योग्य नमुना

मागायची ती तपासणी म्हणजे जिवाणूच्या जनुकीय अंशाचा शोध घेणारी ‘नॅट’ तपासणी. बऱ्याच प्रयोगशाळांत तिला पीसीआर म्हणतात. नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारावेत: ही तपासणी क्लॅमिडिया आणि परमा दोन्हींसाठी आहे का, आणि नमुना कोणता घेणार? नमुना राज्याबाहेर पाठवला जाणार असेल तर अहवालाला काही दिवस लागतात, तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

या ठिकाणी तीन चुकीच्या तपासण्या हमखास केल्या जातात.

लघवीची नेहमीची तपासणी आणि कल्चर (नमुन्यातील जिवाणू वाढवून पाहणे) ही पहिली. अहवालात पू-पेशी वाढलेल्या दिसतात, आणि कल्चरमध्ये «वाढ आढळली नाही» असे येते. त्यावरून संसर्ग नाही असा निष्कर्ष काढला जातो, जो चूक आहे. क्लॅमिडिया जिवंत पेशींतच वाढतो, नेहमीच्या कल्चरच्या बशीत तो उगवतच नाही. उलट, पू-पेशी आहेत पण कल्चर कोरे आहे, हा मेळ दिसला की क्लॅमिडियाची शंका घ्यावी.

दुसरी चूक रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी, जिच्या अहवालावर आयजीजी आणि आयजीएम असे लिहिलेले असते. प्रतिपिंडे जुन्या संसर्गानंतरही रक्तात राहतात, आणि चालू संसर्गाचे निदान त्यांवरून होत नाही. पैसे खर्चून हा अहवाल घेऊन येणारे कमी नाहीत. त्याच्या जोरावर औषध सुरू करणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूक.

तिसरी चूक बारीक आहे, पण सर्वांत जास्त घडते ती हीच. पुरुषाच्या लघवीचा नमुना धारेच्या सुरुवातीचा हवा. लघवीच्या इतर तपासण्यांसाठी मधली धार घ्यायची असते, त्यामुळे डबी देणारा कर्मचारीही सवयीने «सुरुवातीची सोडून मधली घ्या» असे सांगून जातो. क्लॅमिडियाचे जिवाणू मूत्रनलिकेच्या अस्तरावर असतात. पहिली धार त्यांना धुऊन डबीत आणते, मधल्या धारेत ते फारसे उरत नाहीत. म्हणून नमुन्यापूर्वी किमान एक तास लघवी करू नये, शिश्नाचे टोक आधी धुऊ नये, अगदी पहिल्या थेंबापासून डबीत धरावे आणि साधारण २० ते ३० मिलिलिटर झाले की डबी बाजूला घेऊन उरलेली लघवी शौचालयात करावी. डबी काठोकाठ भरली तर नमुना पातळ होतो.

स्त्रियांसाठी योनीतून घेतलेला स्वॅब लघवीपेक्षा जास्त विश्वासार्ह आहे, आणि तो सूचना वाचून स्वतः घेता येतो. आदल्या दिवसापासून योनीत मलम, गोळी किंवा धुण्याचे द्रावण वापरू नये. अविवाहित स्त्रीला «तुम्हाला स्वॅब घेता येणार नाही» असे काही ठिकाणी सांगितले जाते. तसे झाल्यास पहिल्या धारेच्या लघवीवर तपासणी करून घ्यावी, कारण ती थोडी कमी पकडते खरी, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी. गुदमार्गे किंवा मुखमार्गे संबंध आला असेल तर तेथील स्वॅब वेगळा मागावा लागतो. लघवीचा अहवाल तेथील संसर्गाविषयी काहीही सांगत नाही.

पडताळणी: त्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त द्यावे. एचआयव्ही तपासणीसाठी तुमची संमती आणि अहवालाची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. नुकताच संबंध आलेला असेल तर यांतील एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते.

टप्पा ५: अहवाल वाचताना

अनेक जिवाणूंची एकत्र संच-तपासणी केली असेल तर अहवालावर युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस, गार्डनेरेला अशी नावे बाधित म्हणून येतात आणि घरात हलकल्लोळ माजतो. ही मंडळी अनेक निरोगी माणसांतही आढळतात, आणि लक्षणे नसताना त्यांच्यावर औषध लागत नाही. डोळ्यांनी शोधायच्या त्या क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आणि नायसेरिया गोनोऱ्हिया या दोन ओळी. त्यांपैकी दुसरी बाधित असेल तर तो परमा आहे. त्याचे औषध वेगळे असते आणि जुन्या ओळखीच्या अनेक गोळ्यांना तो आता दाद देत नाही.

अहवालावर संसर्ग केव्हा झाला याची तारीख नसते. क्लॅमिडिया लक्षणांविना कित्येक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ शरीरात राहू शकतो. त्यामुळे आजच्या बाधित अहवालावरून गेल्या महिन्यात कोणी कोणाशी प्रतारणा केली हे ठरवता येत नाही. हा वाद औषध सुरू होण्याआधी पेटला तर औषध लांबणीवर पडते, हे संसाराच्या दृष्टीनेही आणि प्रकृतीच्या दृष्टीनेही नुकसानीचे आहे.

टप्पा ६: औषध घेण्याची पद्धत

गर्भवती नसलेल्या प्रौढांसाठी सध्या पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला दिली जाते: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. पर्याय म्हणून अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकाच वेळी देतात, पण गुदमार्गातील संसर्गावर ते कमी पडते. गर्भवतींना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. त्यांच्यासाठी अॅझिथ्रोमायसिन हेच नेहमीचे औषध आहे. स्त्रीच्या ओटीपोटात संसर्ग चढला असेल तर चौदा दिवसांचा आणि एकाहून अधिक औषधांचा उपचार लागतो, म्हणून शेजारणीची सात दिवसांची चिठ्ठी उपयोगाची नाही.

डॉक्सिसायक्लिन साधे दिसते, पण ते घेण्याची रीत आहे. रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकून आडवे झाले तर ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. दुसऱ्या दिवशी घास गिळताना छातीत टोचते ते त्यामुळे. गोळी पेलाभर पाण्यासोबत, जेवणानंतर घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरची औषधे या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे; दुधासोबतही ती घेऊ नये. या काळात त्वचा उन्हाने लवकर भाजते. किनाऱ्यावर शॅकमध्ये काम करणाऱ्यांनी, होडीवर जाणाऱ्यांनी आणि दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्यांनी लांब बाह्यांचे कपडे व टोपी वापरावी.

फेणीचा प्रश्न विचारला जातोच. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिनशी एखाद्या पेल्याची घातक गाठ पडत नाही. खरी अडचण ही की पेल्यांच्या नादात संध्याकाळची गोळी राहते. चिठ्ठीत मेट्रोनिडॅझोलही असेल तर मात्र मद्य पूर्ण टाळावे.

इशारा: तिसऱ्या दिवशी जळजळ थांबते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. सातही दिवस पूर्ण करावेत. अॅझिथ्रोमायसिन घेतल्यावर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना कळवावे, कारण मात्रा पुन्हा घ्यावी लागू शकते. उरलेल्या गोळ्या जोडीदाराला वाटून देणे म्हणजे दोघांचाही उपचार अर्धवट ठेवणे होय.

टप्पा ७: जोडीदार

बहुतेक उपचार या टप्प्यावर फुकट जातात. गेल्या ६० दिवसांतील प्रत्येक जोडीदाराला कळवावे. त्या काळात संबंध आला नसेल तर शेवटच्या जोडीदाराला कळवावे. त्यांना लक्षणे नसली तरी तपासणी आणि उपचार दोन्ही लागतात. संदेश लहान आणि वस्तुस्थितीपुरता असावा, उदाहरणार्थ: «माझ्या तपासणीत क्लॅमिडिया सापडला आहे. तो औषधाने बरा होतो, पण लक्षणांविनाही असतो. तू या आठवड्यात तपासणी करून उपचार घे. तोवर आपण थांबू.» यात आरोप नको, खुलासाही नको. स्वतः सांगणे अशक्य असेल किंवा सांगितल्याने मारहाणीची भीती असेल, तर केंद्रातील समुपदेशकाला तसे स्पष्ट सांगावे आणि पुढची वाट त्यांच्या मदतीने ठरवावी.

एकाच मात्रेचे औषध घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस, आणि सात दिवसांचे औषध असेल तर ते संपेपर्यंत, संबंध पूर्ण बंद ठेवावेत. शिवाय जोडीदाराचा उपचारही तोवर झालेला असला पाहिजे. दोघांपैकी जो उशिरा औषध सुरू करील त्याच्या तारखेवरून दिवस मोजावेत. निरोध वापरून या सात दिवसांत सूट घेऊ नये.

बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरांत हा हिशेब हमखास चुकतो. पत्नी मडगावात औषध घेते, नवरा सहा-आठ महिन्यांनी सुटीवर येतो, त्याला लक्षण नसते, म्हणून त्याची तपासणी कोणी करत नाही, आणि तो आल्यावर पंधरा-वीस दिवसांत पत्नीला पुन्हा तोच त्रास सुरू होतो. नवरा बोटीवर असतानाच त्याला कळवावे. बोटीवर किंवा पुढच्या बंदरात उपचार मिळत असेल तर तेथे घ्यावा. मिळाला नसेल तर घरी पोहोचल्यावर आधी त्याचा नमुना आणि औषध, मग सात दिवस, मग सहवास, असा क्रम ठेवावा. चतुर्थीला चार दिवसांसाठी येणारे असतील तर हे वेळापत्रक आधीच फोनवर ठरवावे लागते.

टप्पा ८: फेरतपासणी

औषध संपले की दुसऱ्याच आठवड्यात «गेला का ते बघू» म्हणून तपासणी करू नये. नॅट तपासणी मेलेल्या जिवाणूंचे अंशही पकडते, त्यामुळे साधारण चार आठवड्यांच्या आत बाधित अहवाल आला तरी त्याचा अर्थ लागत नाही आणि गरज नसताना औषध पुन्हा दिले जाते. लक्षणे गेली असतील आणि औषध नीट घेतले असेल तर बरे झाल्याची वेगळी तपासणी सर्वांना लागत नाही. गर्भवतींना मात्र ती लागते, उपचारानंतर साधारण चार आठवड्यांनी, कारण प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्ग झाल्यास त्याचे डोळे येतात किंवा पुढील काही आठवड्यांत न्यूमोनिया होऊ शकतो.

सर्वांसाठी आवश्यक आहे ती तीन महिन्यांनंतरची फेरतपासणी. ती औषध चालले का हे पाहण्यासाठी नसून पुन्हा लागण झाली का हे पाहण्यासाठी असते, कारण एकदा होऊन गेल्याने पुढे संरक्षण मिळत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसची दुसरी तपासणीही याच सुमारास येते, तेव्हा दोन्ही कामे एका फेरीत उरकता येतात.

हा अहवाल पुन्हा बाधित आला तर औषधाला जिवाणू जुमानत नाही असे लगेच समजू नये. क्लॅमिडियात तसे क्वचितच घडते. चार प्रश्न क्रमाने विचारावेत: सर्व गोळ्या घेतल्या का, लोहाची किंवा आम्लपित्ताची गोळी सोबत घेतली होती का, जोडीदाराने खरोखर औषध घेतले का, आणि सात दिवस पाळले का. उत्तरे घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि या वेळी शक्य असल्यास दोघांनी एकाच दिवशी जावे.